जोडीदाराचा सिबिल खराब असताना पहिले गृहकर्ज : जळगावच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या सेवेचे परीक्षण

पती-पत्नीपैकी एकाचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा गुणांक, बिघडलेला असला, की स्वतःच्या घराचा विषय निघाल्याबरोबर घरातले सगळे गप्प होतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. एकाची पगाराची नोकरी असते, दुसऱ्याचे दुकान, शेती किंवा वाहन असते, आणि टाळेबंदीच्या काळात त्या दुसऱ्याचे हप्ते थकलेले असतात. आमचे कुटुंब त्यांपैकीच आहे. मी धरणगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझ्या पतींचे जळगावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. पिंप्राळा भागात आम्ही पहिला फ्लॅट घेतला आणि त्यासाठी शहरातील एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून गृहकर्ज काढले. त्या बँकेच्या गृहकर्ज विभागाच्या सेवेचे हे परीक्षण आहे. बँकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शाखा आणि टेबलावरची व्यक्ती बदलली की अनुभवही बदलतो. वाचकाने पाहावी ती कामाची पद्धत.

माझे मत आधीच नोंदवते. पतींच्या जुन्या नोंदी समोर ठेवून, अर्ज दाखल होण्याआधीच, काय जमेल आणि काय जमणार नाही हे या विभागाने आम्हाला स्पष्ट सांगितले, आणि हीच त्यांची सर्वांत मोलाची सेवा होती. व्याजदर थोडा इकडेतिकडे असता तरी मी हेच लिहिले असते. कागदपत्रे मागण्याची पद्धत मात्र विस्कळीत आहे, विम्याचा आग्रह अनाठायी आहे आणि मराठीतून कागद देण्याबाबतची अनास्था खटकणारी आहे.

या बँकेत जाण्यापूर्वी आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली होती. एका कर्ज एजंटाने ‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आणि दोघांच्या नावाने तीन-चार ठिकाणी एकदम फाइल टाकू, असे सुचवले. या दोन्ही गोष्टी घातक आहेत. खरी असलेली नोंद पैसे घेऊन कोणालाही पुसता येत नाही. सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांना अशी माहिती नियमानुसार किमान ७ वर्षे जपावी लागते. शिवाय प्रत्येक अर्जामागे कर्ज देणारी संस्था या कंपन्यांकडून अर्जदाराच्या कर्ज-इतिहासाचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीचीही नोंद अहवालात होते. थोड्या काळात अशा चौकश्यांची रांग लागली, की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ पुढचा अधिकारी काढतो आणि आधीच घसरलेला गुणांक आणखी घसरतो.

दुसरीकडे, एका खासगी गृहवित्त कंपनीने आमचा संयुक्त अर्ज लगेच घेण्याची तयारी दाखवली, पण व्याजदर सांगितला ११.५ टक्के. पुढे बँकेने मला एकटीला ८.५ टक्के दराने कर्ज मंजूर केले. २२ लाख रुपये २० वर्षांसाठी घेतले, तर ८.५ टक्क्यांनी मासिक हप्ता सुमारे १९,०९० रुपये बसतो आणि ११.५ टक्क्यांनी सुमारे २३,४६० रुपये. महिन्याला ४,३७० रुपयांचा हा फरक २० वर्षांत साडेदहा लाखांच्या आसपास जातो. पिंप्राळ्यातल्या त्याच फ्लॅटसाठी, त्याच कुटुंबाकडून. कर्ज मिळते आहे यातच समाधान मानून अशा दरावर सही करणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आणखी एक फरक त्या वेळी आम्हाला कोणी समजावला नव्हता. बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते, त्या) बाह्य मापदंडाशी जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दराची फेररचना करावी लागते. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही.

बँकेच्या गृहकर्ज विभागात आम्ही गेलो तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी अर्जाचा नमुना पुढे केला नाही. आधी दोघांचे अहवाल घेऊन या, अर्जाचे नंतर पाहू, असे ते म्हणाले. सिबिलखेरीज एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन पतमाहिती कंपन्या देशात आहेत आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, ही माहितीही त्यांनीच दिली. स्वतः मागवलेल्या अहवालामुळे गुणांक कमी होत नाही. चारही ठिकाणचे अहवाल काढण्याचा त्यांचा आग्रह योग्य होता, कारण एका कंपनीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते.

पुढच्या भेटीत त्यांनी माझ्या पतींच्या अहवालाची छापील प्रत टेबलावर पसरली, एक पारदर्शक पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली ती धरून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात. त्या महिन्यात हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात तीन शून्ये असतात. उशीर झाला असेल तर थकलेल्या दिवसांचा आकडा असतो, ०३०, ०६०, ०९० असा चढत जाणारा. आणि संस्थेने माहितीच कळवली नसेल तर तीन फुल्या असतात. “भाऊ, वरचा गुणांक तूर्त बाजूला ठेवा. तो आपल्याला इथून बदलता येणार नाही, या ओळी मात्र तपासता येतील,” असे ते म्हणाले. ३०० ते ९०० या मापावर पतींचा गुणांक सहाशेच्याही खाली होता आणि आजवर प्रत्येकाने तेवढाच आकडा पाहून मान हलवली होती. त्यांना भाऊ म्हणून समोर बसवून, त्यांच्याच कर्जाचा हिशेब त्यांना सन्मानाने समजावून सांगणारे हे पहिले टेबल होते. इतके दिवस खाली मान घालून बसणारे हे त्या दिवशी स्वतःहून तारखा आणि रकमा सांगू लागले.

पट्टी फिरता फिरता तीन ओळींवर थांबली, आणि या तीन ओळी तीन वेगवेगळ्या प्रकारच्या असल्यामुळे त्यांचा तपशील देणे उपयोगाचे ठरेल.

पहिली ओळ दुचाकीच्या कर्जाची होती. ते कर्ज पूर्ण फिटले होते, संस्थेचा नाहरकत दाखला आमच्या कपाटात होता आणि तरीही अहवालात थकबाकी दिसत होती. ही उघड चूक होती, त्यामुळे तिच्यावर हरकत घेता येत होती. पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर ही हरकत मोफत नोंदवता येते. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तक्रारदाराला त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. त्या ३० दिवसांतले २१ दिवस दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचे असतात. याउपरही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आम्हाला तिथपर्यंत जावे लागले नाही. नाहरकत दाखला जोडून हरकत घेतल्यावर ती नोंद मुदतीत दुरुस्त झाली.

दुसरी ओळ क्रेडिट कार्डाची होती आणि खरी अडचण तिथे होती. २०२१ साली दुकान बंद असताना कार्डाची थकबाकी वाढत गेली आणि वसुली करणाऱ्यांनी काही रक्कम सोडून ‘सेटलमेंट’ करून दिली. त्या दिवशी डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले होते. पण अहवालात ते खाते ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसते, म्हणजे संस्थेने काही रक्कम सोडून दिली आहे हे पुढच्या प्रत्येक बँकेला कळते. अधिकाऱ्यांनी सुचवले, की सोडून दिलेली रक्कम आता भरता येत असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी विचारा, रक्कम भरा, बेबाकी दाखला घ्या आणि खाते ‘क्लोज्ड’ करून मागा. माझ्या पतींनी तसे केले. खात्याचा शेरा बदलला, परंतु २०२१ मधल्या चौकोनांतले आकडे राहिले आणि ते तसेच राहणार होते, हेही अधिकाऱ्यांनी आधी सांगून ठेवले होते. खोटी आशा न दाखवण्याचा हा गुण मला फार मोठा वाटतो.

तिसरी ओळ पाहून आम्ही दोघे चकित झालो. रावेर तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला माझे पती जामीनदार राहिले होते. वादळात केळीची बाग आडवी झाली, त्या वर्षी ट्रॅक्टरचे हप्ते थकले, आणि ती थकबाकी जामीनदार या नात्याने यांच्याही अहवालात उतरली. खान्देशात जामीन राहणे हा नात्याचा आणि शब्दाचा विषय असतो. सही मागणाऱ्याला नाही म्हणणे कोणाला जमत नाही. परंतु ती सही स्वतःच्या घराच्या वेळी समोर येते. त्या कर्जाची थकबाकी नातेवाइकांनी पुढे नियमित केली. त्यासाठी आमच्या घरून किती फोन गेले आणि त्यात किती अवघडलेपण होते, ते इथे लिहीत नाही.

एवढे करूनही पतींचा गुणांक बँकेच्या अपेक्षेपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा अधिकाऱ्यांनी जो मार्ग सांगितला, तो या प्रकरणाचा गाभा आहे. लग्न झाले म्हणून दोघांचा कर्ज-इतिहास एक होत नाही. अहवाल आणि गुणांक ज्याचा त्याचा वेगळा असतो. संयुक्त कर्ज घेतले किंवा एकमेकांना जामीन राहिले, तरच एकाच्या थकबाकीची नोंद दुसऱ्याच्या अहवालात होते. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायचा असेल, तर बँका सहसा प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार करून घेतात आणि मग दोघांचेही अहवाल तपासले जातात. म्हणून फ्लॅट आणि कर्ज दोन्ही माझ्या एकटीच्या नावावर ठेवावे, पतींचे उत्पन्न हिशेबात धरू नये, आणि माझ्या पगारावर जेवढे बसेल तेवढ्याच किमतीचे घर पाहावे, असा सल्ला त्यांनी दिला.

माझ्या पगारातून सोसायटीचा, म्हणजे पतसंस्थेचा, हप्ता कापला जातो. तो आणि घराचा हप्ता मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत राहावा, हा हिशेब धरून त्यांनी २२ लाखांचा आकडा सुचवला. आम्ही आधी पाहिलेला मोठा फ्लॅट सोडून २८ लाखांचा घेतला. नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही, तो वेगळा हाताशी ठेवावा लागतो. इथे एक अनपेक्षित फायदा झाला. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावावर निवासी मालमत्ता घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. करारात पतींचे नाव असते तर ती मिळाली नसती. आमचे २८ हजार रुपये वाचले.

या मार्गाची किंमतही आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी प्रत्येक सहमालक-सहकर्जदाराला वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. एकटीच्या नावावर घर असल्यामुळे ती वजावट एकालाच मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या माणसाने दुकानातल्या कमाईतून सहा लाखांच्या स्वनिधीतला मोठा वाटा उचलला, त्याचे नाव घराच्या कागदावर नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. अधिकाऱ्यांनी यावरही नीट माहिती दिली. निवासी मालमत्ता पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार लागू असेल तर तो वेगळा. मात्र घर गहाण असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय असे करता येत नाही. माझ्या पतींनी ही गोष्ट ज्या समजूतदारपणे स्वीकारली, त्याबद्दल मला त्यांचा अभिमान आहे.

आता त्रुटींविषयी. कागदपत्रांची यादी एकदाच पूर्ण द्यावी, एवढी साधी गोष्ट या विभागाला जमलेली नाही. शालार्थ या शिक्षकांच्या वेतन प्रणालीची वेतनचिठ्ठी, फॉर्म १६ आणि बँकेची विवरणपत्रे दिल्यानंतर बिनशेती आदेशाची प्रत मागितली गेली, ती दिल्यावर मंजूर नकाशा, मग भोगवटा प्रमाणपत्र, मग मागील खरेदीखताची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा. धरणगाव तालुक्यातून शाळा सुटल्यावर निघून जळगावला पोहोचेपर्यंत बँकेची वेळ संपत येते, याचा विचार अशा मागण्यांत नसतो. बँकेच्या पॅनेलवरील वकिलांचा सर्च रिपोर्टही, म्हणजे मालकीहक्काच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, रेंगाळला, आणि त्याची चौकशी करायला आम्हालाच त्यांच्या कार्यालयात पाठवले गेले. हे काम बँकेचे आहे.

दुसरी त्रुटी विम्याची. कर्ज मंजूर होताच एका वेगळ्या टेबलावरून कर्ज-संरक्षण विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच जोडून टाकू, असा आग्रह झाला. असा जीवनविमा कर्जासाठी कायद्याने सक्तीचा नाही, आणि हप्ता कर्जात जोडला की त्यावरही २० वर्षे व्याज भरावे लागते. मी स्वतंत्र मुदत विमा घेतला आणि तसे लेखी कळवले. घरात एकाच व्यक्तीच्या नावावर कर्ज असताना त्या व्यक्तीचा विमा असलाच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण तो कोणाकडून आणि कसा घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार कर्जदाराचा आहे. ज्याचा सिबिल खराब आहे त्याच्या कुटुंबाला, ‘कर्ज मिळते आहे तर एवढे घ्या’ असे सूचित करणे मला अन्यायाचे वाटते.

तिसरी त्रुटी भाषेची. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाची सर्व मुख्य माहिती देणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क, वकिलांची फी, मूल्यांकनाची फी वगैरे सर्व खर्च धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडते, हा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो, आणि पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आम्हाला ते इंग्रजीत दिले गेले. मराठी प्रत मागितल्यावर आधी ‘अशी नसते’ असे उत्तर आले आणि नियम दाखवल्यानंतर ती मिळाली. मला इंग्रजी वाचता येते. पण त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर यावल तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी दांपत्य मुलाच्या कर्जासाठी बसले होते आणि त्यांच्यापुढेही तोच इंग्रजी कागद होता. मराठी पत्रक मागितल्याशिवाय न मिळणे ही खान्देशातल्या शाखेसाठी लाजिरवाणी बाब आहे.

खरेदीखताच्या दिवशीचे काम मात्र चोख झाले. दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ ठरल्यावर त्याच सकाळी डिमांड ड्राफ्ट काढला गेला आणि बँकेचा प्रतिनिधी तो घेऊन तिथे हजर होता. ड्राफ्ट आधी काढून ठेवला असता, तर घर ताब्यात नसताना व्याज सुरू झाले असते. अशा आकारणीविरुद्ध रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बँकांना बजावलेही आहे, तरी आपण तारीख पाहिलेली बरी.

सर्वांना हा मार्ग लागू पडेल असे नाही. चांगला इतिहास असलेल्या जोडीदाराचे उत्पन्न पुरेसे नसेल, तर वडील, भाऊ किंवा मिळवता मुलगा यांना सहकर्जदार घेण्याचा पर्याय बँक तपासते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही पक्के घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदानाबद्दल जरूर विचारावे. त्यात २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. आमचे दोघांचे उत्पन्न मर्यादेबाहेर जात असल्याने आम्ही त्यात बसलो नाही. बँकेने स्वतःहून हे कोणाला सांगितल्याचे मी पाहिले नाही.

या विभागात जायचे असल्यास महिन्याचा शेवटचा आठवडा टाळावा आणि दोघांचे अहवाल छापूनच न्यावेत. मोबाइलवर दाखवलेला गुणांक तिथे कोणी विचारात घेत नाही. कर्जकराराची सही-शिक्क्याची प्रत मला अद्याप मिळालेली नाही. त्यासाठी शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे.